अक्काचा धुण्याचा दगड

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. मुंज्याच्या पिंपळाखाली साखळी टाकून मी बांधाची भांडणं मिटवली आहेत, आणि मुंज्याने कधी हरकत घेतली नाही. तरी हे लिहितोय, कारण यातलं अंतर मी स्वतः मोजलं होतं... सत्तावीस पावलं. तो हिशोब आजवर जुळलेला नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पाचोऱ्याजवळचं आमचं गाव. घरात मी आणि अक्का, म्हणजे माझी सख्खी आत्या. आई गेल्यावर मला आणि धाकट्या सुरेशला तिनेच वाढवलं. सुरेश तेव्हा धुळ्याला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. आमच्याकडे लष्कराच्या लिलावातली जुनी फोर-व्हील जीप होती. मळ्याच्या वाटेवर नाला आहे. पावसाळ्यात तिथल्या काळ्या चिखलात जीपचं पोट टेकायचं, चारही चाकं जागच्या जागी फिरायची आणि शेवटी बैल जुंपून ती ओढावी लागायची. अख्खं गाव बघायला यायचं! म्हणून त्या उन्हाळ्यात सुरेश सुट्टी काढून आला. चारही चाकांवरच्या स्प्रिंगमध्ये एकेक जादा पाटा घालायचा, लांब बोल्ट लावायचे आणि जीप चार इंच उंच करायची, असा आमचा प्लॅन.

काम घरच्या अंगणातच. अक्काची अट एकच.

"दगड ठेवाशिवाय गाडीखाले कोनीच जावानं नही."

दगड म्हणजे तिचा कपडे धुण्याचा दगड. मागच्या दारी हौदाजवळ असायचा. चांगला दोन फूट लांब, काळा, आमच्या दोघांनाही दमवणारा. तिचा नवरा ट्रकवर कामाला होता. ती ऐन तिशीत असताना जॅक निसटला आणि तो ट्रकखाली गेला. तेव्हापासून जॅक या वस्तूवर तिचा राग होता.

पहिल्या दिवशी पुढची चाकं झाली. तिच्या समाधानासाठी आम्ही दगड घासत, ढकलत अंगणात आणला, जीपच्या चासीखाली, म्हणजे खालच्या सांगाड्याखाली ठेवला, आणि संध्याकाळी तिला धुणं धुवायचं म्हणून परत हौदापाशी नेला. कंबरडं मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा दगडाचं बोलली तेव्हा माझं डोकं सटकलं. मी तिला म्हणालो, तुझ्या नवऱ्याचं नशीब फुटकं होतं, त्याची भीती आम्हाला कशाला घालतेस?

बोललो आणि जीभ चावली. पण शब्द बाहेर पडून गेला होता.

अक्का आत गेली. पिशवीत लुगडं घातलं आणि दारात येऊन म्हणाली, "मी जास जामनेरले, मंदाकडे. तुमले जे करनं ते करा."

मंदाताई ही तिची मुलगी. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोटी रेल्वे होती, तिने ती गेली. सुरेश तिला स्टेशनवर सोडून आला. माझी हिंमत झाली नाही.

आता माझी अक्कल बघा. ती गेली, घर सुनंसुनं वाटायला लागलं, आणि मन खात होतं म्हणून मी ठरवलं — निदान अंगणात सडा तरी आपण टाकू. अक्काचा रोजचा नेम मोडायला नको. ती एका बादलीत सगळं अंगण शिंपायची, हाताने, भुरभुर. मी चांगल्या पाच बादल्या ओतल्या! वरून शेणाचा सडा छान हिरवा दिसत होता, पण खाली आमची काळी माती... लोण्यासारखी मऊ झाली. त्याच मातीवर आम्ही फळी टाकली, फळीवर जॅक लावला, आणि मागची बाजू उचलली. मी रोज जमीन मोजणारा माणूस, पण ती ओली आहे हे मला कळलं नाही.

दुपारी सुरेश खाली उताणा पडून बोल्ट सोडवत होता. स्प्रिंगचे पाटे सुटे झाले होते. नट ठेवायला त्याने अक्काची जेवणाची ताटली घेतली होती, ती त्याच्या कानाजवळ होती. मी चहा करायला आत गेलो. रेडिओवर दुपारच्या बातम्या लागल्या तेवढ्यात बाहेर आवाज झाला... धप्प.

मी धावत आलो. जॅक आडवा पडलेला, जीप एका बाजूला कललेली, आणि सुरेशचे दोन पाय बाहेर. हलत नव्हते. अक्काला मी सकाळी काय बोललो होतो, तेवढंच डोक्यात घुमत होतं.

मग खालून आवाज आला. "भाऊ, मी बरा शे. माले काही व्हयनं नही."

त्याला ओढून बाहेर काढला. मी वाकून खाली बघितलं. चासी धुण्याच्या दगडावर टेकली होती. त्याच्या छातीच्या वर बरोबर एक वीत जागा उरली होती.

"दगड तू ठेवा का?" सुरेशने विचारलं.

"मी त नही ठेवा. मी चूलपाशी व्हतू."

सुरेश शपथेवर सांगत होता, त्या जागी ताटली होती. ताटली आता दगडाच्या पलीकडे होती — सरळ, एकही नट न सांडता, कुणीतरी अलगद बाजूला ठेवावी तशी.

मी हौदापासून पावलं मोजली. सत्तावीस. आदल्या दिवशी दगड आणताना जमिनीवर हातभर रुंद चर पडली होती. त्या दिवशी ओल्या सड्यावर एकही ओरखडा नव्हता. पावलं फक्त आमच्या दोघांची.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी जामनेर गाठलं. दारातच मंदाताई म्हणाली, "बरं झालं आलास. काल आईला काय झालं कळेना." शेजारच्या चार बायकांबरोबर अक्का पापड लाटत बसली होती. रेडिओवर दुपारच्या बातम्या सुरू झाल्या आणि तिने एकदम लाटणं खाली टाकलं. "हात भरी उनात वं," हात भरून आले, एवढंच म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. संध्याकाळी बघतात तर दोन्ही तळहात सोललेले. जागेवरून ती उठलीही नव्हती.

अक्का ओसरीवर होती. तळहातांना हळद लावलेली. मी तिच्या पायांशी बसलो आणि सगळं सांगितलं. जॅक, दगड, ताटली.

ऐकून ती म्हणाली, "दोन्ही भाऊ चांगला शेतस ना? मंग बठ्ठं बरं शे."

"पन अक्का, दगड कोनी आना?"

"तू नही आना, मंग कोनी तरी आना व्हई," असं म्हणून तिने मंदाताईला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

घरी आल्यावर उंच झालेली जीप बघून मात्र ती भडकली. "इतली उच्ची कसाले करी रे? मी कशी चढू?" मग तोच दगड पायरी झाला. धुण्यासाठी आम्ही तिला दुसरा आणून दिला. पुढे कितीतरी वर्षं ती त्या दगडावर पाय ठेवून, माझ्या खांद्याला धरून मळ्यात यायला जीपमध्ये चढायची. नाल्यात जीप पुन्हा कधी अडकली नाही.

आता अक्का नाही, जीपही नाही. मध्यंतरी अंगणात फरशी बसवताना मी आणि सुरेशने दगड हलवायचा प्रयत्न केला. जेमतेम वीतभर सरकला. मग राहू दिला, फरशी त्याच्या भोवतीने बसवली.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी जामनेरच्या ओसरीवर मी तिची माफीही मागितली होती. म्हणालो, अक्का, काल सकाळी मी तुला जे बोललो ते मनावर घेऊ नकोस.

ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "कव्हय बोलना तू? माले त काही आठवत नही."

केसांना हळद लागली होती. घरी येईपर्यंत मी ती पुसली नाही.