शेपटीवाली फाईल

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. कॉम्प्युटरसमोर बसल्यावर दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. पडद्यावरची शेवटची ओळ वाचून होईपर्यंत हात बाहेर निघायचे नाहीत. "आधी बघू, तात्या," म्हणायची. "हात कुठे पळून जात नाहीत."

नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. आमच्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. एका ऑफिसच्या कॉम्प्युटर खोलीत नोकरी, रिटायर व्हायला आलेली. तरी मी तिला तू म्हणायचो. आईचं बोट धरून मिरच्यांची पिशवी सांभाळत ती माझ्या डंखावर, मसाला कुटायच्या मशीनवर, यायची, तेव्हापासूनची ओळख.

मी चौथी शिकलो. पन्नास वर्षं लालबागमध्ये डंखावर मसाला कुटला. कुणाच्या घरी बेडगी किती, धणे किती, कुणाला तिरफळ चालत नाही, सगळं तोंडपाठ. डंख बंद झाला तेव्हा ठरवलं, हे लिहून ठेवायचं. मुलीच्या ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर घरी आला. तिसऱ्या मजल्यावरून खाली येऊन हिने त्यात मशीन चालवणारं लिनक्स घातलं. जुन्या मशीनला हलकं पडतं म्हणाली. मग मी एका बोटाने, दोन वर्षं खपून, दोनशे बारा घरांचे मसाले एका फाईलीत उतरवले. वहीत लिहा, असं जो तो सांगायचा. वहीला उंदीर लागतात, हे मला कुणी शिकवू नये.

एका दुपारी शेवटचं घर लिहिलं, सेव्ह केलं, तर पडद्यावर आलं की जागा संपली. तिला फोन केला. म्हणाली, संध्याकाळी येते, तोवर कशाला हात लावू नका.

आता तुम्हीच सांगा, माझ्या घरातलं मशीन मी साफ करायला संध्याकाळची वाट कशाला बघू? डंखावर एका गिऱ्हाईकाचं कुटून झालं की ब्रश मारून सगळं लख्ख करायचं, ही माझी सवय. तसंच लागलो. जे माझं नाही ते कचरापेटीत. माझ्या फाईलीशेजारी त्याच नावाची आणखी एक फाईल होती, नावाच्या टोकाला शेपटीसारखी वाकडी रेघ. एका मसाल्याच्या दोन फायली कशाला? शेपटीवाली टाकली.

मग कौतुकाने माझी फाईल उघडली. आत एक अक्षर नव्हतं.

दोन वर्षं गेली, एवढंच डोक्यात आलं. मी म्हटलं, जागा नाही म्हणून अक्षरं दिसत नसतील. कचरापेटी कायमची रिकामी केली की मसाले परत येतील. बटणावर बोट ठेवणार तोच दारातून आवाज आला, "तात्या, हात मांडीखाली."

एकाहत्तर वर्षांचा माणूस, बसलो स्वतःच्या हातांवर. तिने चप्पल काढली, चष्मा पुसला, पडदा वाचला. ओरडली नाही. उलट मलाच विचारलं, "चाळणीवर जाडं उरलं की तुम्ही काय करायचात?"

"गिऱ्हाईकाला दाखवायचो. ठेवायचं की टाकायचं, ते त्याने सांगायचं. विचारल्याशिवाय चिमूटभर टाकलं नाही कधी."

"आणि इथे?"

मी हात मांडीखाली आणखी आत सरकवले.

तिने सांगितलं, जागा संपलेली असताना सेव्ह केलं म्हणून जुनं पुसलं गेलं आणि नवं उतरलं नाही. शेपटीवाली ही आधीची प्रत, मशीनने आपणहून जपलेली. कचरापेटीतून तिने ती बाहेर काढली. दोनशे अकरा घरं शाबूत. दोनशे बारावं गेलं. ते तिच्याच आईचं होतं. "पुन्हा लिहा," म्हणाली. मी म्हटलं, पाठ आहे मला.

आधी तिने ती फाईल पेनड्राईव्हवर घेतली. साफसफाई त्यानंतर. हुकूम टाईप करायच्या काळ्या खिडकीत मशीनला नुसतं विचारायचं, काय काय टाकशील? यादी आली की पूर्ण वाचायची. नवीन काही बसवताना उतरवून घेतलेली पॅकेटं गेली, मशीनने स्वतःच्या कामाच्या ठेवलेल्या जुन्या नोंदी गेल्या, चित्रांच्या बारक्या नकला गेल्या. लिनक्सचा गाभा मात्र चालू असलेला आणि त्याच्या मागचा एक, असे दोन ठेवले. नवा रुसला तर जुन्यावर घर चालतं. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला तेव्हा मला म्हणाली, "तो विचारतोय, तुम्ही शुद्धीवर आहात ना?" कचरापेटीत उरलेल्याला तिने हातच लावला नाही. आठ दिवस राहू दे म्हणाली, कुणाची आठवण कधी येते सांगता येत नाही.

पाठ आहे म्हणालो खरा. लिहायला बसलो तर दगडफुलापाशी अडलो. किती टाकायचो ते काही केल्या आठवेना. विचारायचं म्हणजे मी विसरलो, हे कबूल करणं आलं. पन्नास वर्षांत मी कुणाला माप विचारलेलं नाही. ती रोज जिन्यात दिसायची, "झालं का लिहून?" म्हणायची. मी मान हलवायचो. ती हो होती की नाही, हे मलाही माहीत नव्हतं.

आठवड्यात ती रिटायर झाली आणि चिपळूणला बहिणीकडे कायमची निघाली. टॅक्सीत पिशव्या ठेवून झाल्या. दार लागलं. ड्रायव्हरने चावी फिरवली तेव्हा मी काचेवर टकटक केलं आणि विचारलं.

हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. काच खाली करून म्हणाली, "दोन मुठी, तात्या. पण आईच्या मुठी. तुमच्या नव्हेत." आणि स्वतःची मूठ वळून दाखवली. आईचीच होती, लहानशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मशीन लावलं. एका बोटाने टाईप केलं: दगडफूल दोन मुठी, बायकी, लहान. सेव्ह केलं, उघडून पाहिलं, पेनड्राईव्हवर घेतलं. मग कचरापेटी उघडली. आठ दिवस झाले होते. रिकामी करू का, असं मशीनने विचारलं. मी दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले आणि यादी वरून वाचायला लागलो.