चंद्राबाईची वाकळ

चंद्राबाईनं माझी ओळख करून घेतली ती माझं मनगट पिरगाळून. मुलांनो, लग्नानंतर मी धाड गावच्या शाळेत शिकवू लागले, त्या पहिल्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट. सकाळी मी केराची पाटी नदीत उलटी केली आणि मागून कुणीतरी हात असा धरला, की तीन बांगड्या फुटून रक्त आलं.

"शिकेल बाई हायेस ना? मंग आपलं खरकटं माह्या घागरीत काऊन टाकून राह्यली?"

तिनं मला गुडघाभर पाण्यात उतरवलं आणि एकूण एक साल वेचून घेतली.

नदीकाठी तिचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. उन्हाळ्यात सगळं गाव झिऱ्यांवर जगे. वाळूत खड्डा करायचा आणि नदीच्या डोहातून पाझरलेलं पाणी वाटीनं घागरीत भरायचं. आठवडी बाजार झाला की त्याच डोहात चिंध्या, सडका पाला, मेलेल्या कोंबड्या साचत. चंद्राबाई ते सगळं खोऱ्यानं ओढून काढी. पुढे आम्ही सहाजणी तिच्याबरोबर जाऊ लागलो. पाळ्या मी लावून दिल्या होत्या. एखादी आली नाही, तर ही तिच्या दारात जाऊन म्हणे, "पाणी पेयाची पाळी बरी चुकत नाही तुही."

तेव्हा माणूस गेलं की त्याच्या अंथरुणातली वाकळ नदीत सोडायची रीत होती. गावातले मोठे शेतकरी रामराव, त्यांचे वडील हगवणीनं गेले आणि त्यांची वाकळ डोहात आली. चंद्राबाईनं ती बाहेर ओढून काठावर पेटवली. आता म्हाताऱ्याला वाट कशी मिळायची, असं ओरडत रामराव काठी घेऊन धावले. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. तिनं खोरं त्यांच्या नडगीवर हाणलं, आतलं हाड दिसलं. दुसऱ्या घावात तिचा डावा हात कोपराखाली मोडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आम्ही सहाजणी तिथेच उभ्या होतो. मी डोक्यावरची पाटीसुद्धा खाली ठेवली नाही.

तिसऱ्यांदा काठी उगारली गेली तेव्हा ती वाळूत बसून होती.

"माह्या मालकाची वाकळ म्याच सोडली होती या डोहात," ती म्हणाली. "आठ दिसात माही पोरगी हागू हागू मेली. आता मार."

काठी खाली आली नाही.

तिचा हात वाकडाच जुळला. मग ती एका हातानं खोरं ओढायची आणि आम्हाला बजावायची, "माही वाकळ पाण्यात गेली तं उठून एकेकीचा हात मोडीन."

काही वर्षांनी ती गेली. तिचा पुतण्या वाकळ काखेत मारून नदीकडे निघाला. मी आडवी आले आणि त्याचं मनगट धरलं. त्यानं शिवी दिली, ढकललं, हिसडा दिला. माझ्या बांगड्या फुटल्या, काचा दोघांनाही लागल्या. मी हात सोडला नाही.

मागून रामराव लंगडत आले. त्यांनी खिशातली काडेपेटी माझ्यापुढे धरली.