वरच्या वाडीवरचा ज्वालामुखी

बहात्तरच्या दुष्काळात मी पारनेर तालुक्यात एका खडीच्या कामावर हजेरी मांडायला होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी भूगोल घेऊन बी.ए. झालो होतो, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो.

खडी फोडायला दोन टोळ्या होत्या. एक वरच्या वाडीच्या बायांची, एक आमच्या खालच्या वाडीची. आमच्या टोळीत माझी आईही हातोडी घेऊन बसायची. आमची विहीर आटलेली. वरच्या वाडीच्या विहिरीला थोडं पाणी होतं. तिथल्या बाया रोज घागरी डोक्यावर आणायच्या आणि दुपारी दोन्ही टोळ्यांना पाजायच्या.

दुपारच्या सुट्टीत मी व्याख्यान द्यायचो. "हा काळा दगड म्हणजे थिजलेला ज्वालामुखीचा रस आहे," म्हणालो, तर बाया हसल्या. "दगुड कुटं पातळ आसतो व्हय?"

खरं कुणी ऐकेना, म्हणून मी खोटं सुरू केलं. हा रस वाहिला त्या काळात पृथ्वीवर माणूसच नव्हता हे मला पाठ होतं. तरी मी दोन राज्यं उभी केली, डोंगरावर एक, पायथ्याला एक. वर दळायला सोन्याची जाती दिली, खाली तांब्याचे नांगर. पाच दिवस गोष्ट रंगली. सहाव्या दिवशी डोंगर फुटला आणि वरचं राज्य भरल्या ताटावर गाडलं गेलं. खालचे लोक मात्र शहाणे. ते आधीच नदी ओलांडून गेले, त्यांनी नवी शहरं वसवली, लिपी काढली, जगाला शिकवलं. आमच्या बायांनी हातोड्या वाजवल्या. वरच्या वाडीनं सरकारी सुकडी गुमान खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या वाडीच्या बाया घागरींभोवती रिंगण करून बसल्या आणि आपल्या आपणच पाणी पिऊ लागल्या.

"मावशे, पाणी?" मी त्यांच्यातल्या म्होरक्या म्हातारीला विचारलं.

"आमी तर कालच मेलो. मेल्याल्या मानसाकडं पानी मागत्यात व्हय?"

"मग तुम्ही कशा पिता?"

"आग गेली ना पोटात. लई तहान लागती, बाबा."

माझ्या आईचे ओठ पांढरे पडले होते. तरी मी ताठ. "एकदा उद्रेक झाला तो झाला. भूगोलात मागं फिरता येत नाही."

"सोन्याची जाती आली तवा कुटं गेल्ता तुजा भूगोल?"

मी राजाचा एक मुलगा वाचवून पाहिला. नको म्हणाली. निम्मं राज्य देऊ केलं. तेही नको.

तेवढ्यात आई ओरडली, "आरं, बुडव की आपलं बी! घसा वाळलाय."

"आई, त्यांनी लिपी काढली! शहरं वसवली!"

"वसवली तर वसवली. बुडव."

मी दुसरा डोंगर फोडला. तापलेला रस नदी ओलांडून गेला आणि शहरं, नांगर, लिपी, सगळं घेऊन गेला.

म्हातारीचं समाधान होईना. "कुनी पळालं?"

"कुणी नाही."

"तितं एखादा लई शिकल्याला आसंल. लोकान्ला शानपन सांगत हिंडनारा."

"असेल."

"त्याला आदी बुडव."

मी त्याला आधी बुडवला. मग कुठं घागर पुढं सरकली. पहिला तांब्या आईला मिळाला, मग सगळ्या टोळीला. म्हातारीनं मला सर्वांत शेवटी दिला, तोही तळाचा, गाळाचा.

"पी," म्हणाली, "आन् उद्या नवं राज्य आन. या खेपंला न्याय करून."