झिंग्याचा वरचा माणूस

शेषेराव विहिरीतला गाळ काढायचा. बावीस उन्हाळे तो खाली आणि दयानंद वर, त्याचा दोर धरून. मी लिंबाजी, गाळाच्या पाट्या वाहणारा. रेणापूर ते मुरुड, आमच्या हाताखालून न गेलेली विहीर थोडीच.

दयानंदाचा एक नेम होता. तहान लागली, विडी ओढायची झाली, तरी आधी विहिरीत तोंड घालून ओरडायचा, "सोडू का, शेषा?" खालून "सोड" आल्याशिवाय मूठ उघडायचा नाही. एकदाही उघडली नाही. मी बघितलं आहे.

गुडघे गेल्यावर दयानंदानं लातुरात शोभेच्या माशांचं दुकान टाकलं आणि काचा धुवायला शेषेरावाला बोलावलं. खाऱ्या पाण्याची टाकी एकच. तिच्यात बोटाएवढा समुद्रातला झिंगा आणि एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा. झिंग्याला नीट दिसत नाही. दिवसभर वाळू उकरून बीळ साफ ठेवतो. मासा बिळाच्या तोंडाशी पहारा करतो. बाहेर येताना झिंग्याची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली. माशानं शेपूट हलवली की झिंगा आत.

"खालचा मी," शेषेराव म्हणायचा, "अन् वरचा तू, दया. ही जोडी फोडू नको बरं."

"न्हाई रे."

श्रावणातल्या एका सोमवारी शेषेराव सिद्धेश्वराला जाऊन दुकानात आला. मासा नव्हता. कुणा डॉक्टराला आवडला, दयानंदानं देऊन टाकला. झिंगा बिळाच्या तोंडाशी आला, मिशी पाण्यात फिरवली, काही लागलं नाही, आत गेला. परत आला, परत तेच. शेषेरावानं पाण्यात बोट पुढं केलं. आतून नांगी वाजली, टक्.

"मासा हाय तो, शेषा. दुसरा आणू की."

"इचारलं न्हाईस."

"कुणाला? माशाला?"

"मला."

दयानंद हसला. शेषेरावानं हात पुसले, फडकं पिळलं, घडी करून काउंटरवर ठेवलं आणि निघाला.

आठवड्यात दुसरा मासा आला. दयानंदाचा निरोप घेऊन मी शेषेरावाच्या घरी गेलो. दारात पाय पसरून बसला होता.

"तीन दिवसांत झिंग्यानं नव्या माशाला मिशी टेकवली," मी म्हणालो. "तूच कशाला अडून बसलास?"

"त्याला दिसत न्हाई, लिंबाजी," तो म्हणाला. "मला दिसतंय."