बुडण्याआधीचं देवबाग

मालवणात सुनीती सामंतांना ‘टीव्हीतल्या बाई’ म्हणत, पण त्या टीव्हीवर कधी दिसल्या नव्हत्या. दिसलं होतं ते त्यांचं नाव, तेही मुंगीएवढ्या अक्षरांत. मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. गावातल्याच भरड भागातल्या घरात भाऊ जयराम आणि भावजयीबरोबर राहायच्या. मुलांसाठी त्यांनी एक विज्ञान कादंबरी लिहिली होती. तीत दीडशे वर्षांनंतरचं देवबाग होतं, समुद्राच्या तळाशी काचेच्या घुमटांत वसलेलं. तिथल्या पोरी माशांच्या थव्यातून वाट काढत शाळेत जायच्या आणि म्हाताऱ्या वर बघून भरती-ओहोटी ओळखायच्या. मुंबईच्या एका कंपनीने तिची मालिका केली आणि ती चांगली चालली.

देवबाग पाण्याखाली का गेलं, हे मात्र बाईंनी लिहिलं नव्हतं. ‘समुद्र वर आला, तेव्हा देवबागची माणसं खाली गेली,’ एवढं एकच वाक्य होतं. त्यापुढे त्यांचा हात चालला नाही, कारण खरं देवबाग त्यांना ठाऊक होतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी, आणि दर पावसाळ्यात समुद्र त्या पट्टीचा एकेक घास घेणार. त्यांची अध्यापक विद्यालयातली जिवाची मैत्रीण सावित्री तिथे नांदत होती. गावातल्याच प्राथमिक शाळेत शिकवायची. नवरा दाजी होडी घेऊन मासेमारीला जायचा.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनीकडून एक जाडजूड पाकीट आलं. नवी मालिका काढायची होती, जुन्या मालिकेच्या आधी काय घडलं त्याची. पूर्वकथा. पहिल्या भागाची, म्हणजे ते लोक ज्याला पायलट म्हणत त्याची संहिता सोबत होती, गुरुदास नावाच्या तरुण लेखकाने लिहिलेली. दिग्दर्शकही तोच. चिठ्ठीत त्याने लिहिलं होतं, ‘तुम्ही वाचून निकाल द्या. तुमचा शब्द अखेरचा.’

बाईंनी तांबडं पेन घेतलं, पेपर तपासायला बसावं तशा बसल्या, आणि पेन हातात तसंच राहिलं. संहिता उत्तम होती. मुंबईहून एक शास्त्रज्ञ देवबागला येतो, वाळू मोजतो, गाव सोडा म्हणून जीव तोडून सांगतो. गावकरी हसतात, देवाला कौल लावतात, देव नको म्हणतो, आणि एका रात्रीत समुद्र येतो. संवाद खटकेबाज होते. प्रत्येक प्रसंग पुढच्याला हात देत होता. असं आपल्याला कधी जमलं नसतं, हे बाईंना पहिल्या पाच पानांतच कळलं. पण संहितेतले देवबागकर अडाणी, हट्टी आणि विनोदी होते. त्यांच्या तोंडची मालवणी फक्त हसवण्यापुरती होती. आपल्या मूर्खपणामुळे ते बुडत होते, आणि बघणाऱ्याला त्यांची कीव येण्याऐवजी ‘बरं झालं’ वाटावं अशी रचना होती.

निकाल काय द्यायचा? चांगलं म्हणावं तर सावित्रीचा घात, वाईट म्हणावं तर खोटं.

रविवारी बाई देवबागला गेल्या. एसटीतून उतरून पुढे वाळूतून चालताना त्यांना दिसलं, सावित्रीच्या घरामागची माडांची शेवटची ओळ आता आडवी झाली होती. मुळं समुद्राकडे तोंड करून उघडी पडली होती. अंगणात दाजी जाळं शिवत बसला होता. सावित्रीने चहा ठेवला आणि बाईंनी ओटीवर बसून संहिता मोठ्याने वाचली, सगळी.

दाजी पोट धरून हसला. “लिवणारो कधी होडयेत बसलो नसतलो,” तो म्हणाला, “पण मेलो हसयता बरो.”

सावित्री हसली नाही. कप तिच्या हातात थंड झाला होता.

“राग इलो गो तुका?” बाईंनी विचारलं.

“राग कशाक? कौल आमी लावलो, ह्यां खरां आसा.” तिने कप खाली ठेवला. “पण कधी लावलो? अर्ज करून करून दमलंव तेवां. दगडांचो बंधारो घाला म्हणून ह्या कचेरीत गेलंव, त्या कचेरीत गेलंव. सायब येवन बघून जातत. मगे कोणच नाय रवलो, तेवां देवाकडे गेलंव. तेणां उलटां लिवल्यान. आदी देव घातल्यान, आणि कचेरी घातल्यानच नाय.”

बाईंना त्या एका वाक्यात आपला निकाल सापडला. घरी येऊन त्यांनी अभिप्राय लिहिला. संहिता कसदार आहे, हे पहिल्याच ओळीत मान्य केलं. मग लिहिलं की एक प्रसंग हवा, त्याच्याशिवाय पूर्वकथा खोटी आहे. तो प्रसंगही लिहून जोडला. गावातली माणसं कचेरीच्या बाकावर बसली आहेत, साहेब जेवायला गेले आहेत, आणि एका बाईच्या पदराला बांधलेली वाळू, पुरावा म्हणून आणलेली, हळूहळू जमिनीवर सांडते आहे. त्यांना वाटलं, हे गुरुदासला पटेल. लिहिणाऱ्याला लिहिणारा ओळखतो.

एप्रिलअखेर गुरुदासच मालवणात आला, चित्रीकरणाच्या जागा बघायला. डाकबंगल्यावर उतरला होता. बाई भेटायला गेल्या तेव्हा त्याने उठून नमस्कार केला. माणूस सालस होता. आजोळ इकडचंच, म्हणाला.

“बाई, तुमचा प्रसंग वाचला. ती वाळू सांडते ना... मी दोनदा वाचला.”

“मग घेताय?”

तो खुर्चीत चुळबुळला. “कसा घेऊ? माणूस बाकावर बसतो, वाट बघतो, परत जातो. त्यात घडत काहीच नाही.”

“हेच तर घडतं, गुरुदास.”

“खरं आहे. पण पायलटची संहिता प्रायोजकांना पटावी लागते. त्यांनी आधीच सांगितलंय, कचेऱ्या, सरकार, असलं काही नको. हसतं-खेळतं हवं, आणि शेवटी लाट हवी.” मग खाली बघत म्हणाला, “आहे तशी ती पास झालीय. तुमचं पत्र यायच्या आधीच.”

“मग माझ्याकडे निकाल कशाला मागितलात?”

“मला वाटलं होतं, तुम्हाला आवडेल,” गुरुदास म्हणाला. ते त्याने इतक्या खरेपणाने सांगितलं की बाईंना त्याच्यावर नीट रागावताही येईना.

“निदान गावाचं नाव बदला. आणि माझं नाव काढा.”

“विचारतो,” तो म्हणाला. त्याच्या आवाजावरूनच कळत होतं की विचारून काही होणार नाही.

घरी जयरामने कराराचे कागद काढून चाळले आणि बहिणीपुढे ठेवले. “नाव, गाव, माणसां, सगळां तू देवन टाकलंस. सही तुझीच मां गो ही?” सही त्यांचीच होती. पहिली मालिका होणार या आनंदात, शाळेच्या मधल्या सुट्टीत केलेली. त्यांनी तरीही कंपनीला दोन पत्रं धाडली. एकाचं उत्तर आलं, छापील, दिवाळीच्या शुभेच्छांचं.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात समुद्र सावित्रीच्या ओटीपर्यंत आला. कोणी वाहून गेलं नाही, कोणी ओरडलं नाही. अंगण गेलं, विहीर खारी झाली, मग न्हाणीघराची भिंत कलली. दाजीने कौलं उतरवून घेतली. होडी चुलतभावाला दिली आणि दोघं गोव्याच्या सीमेजवळ इन्सुलीला सावित्रीच्या बहिणीकडे गेली. इन्सुलीत समुद्र नाही. नाक्यावर थांबलेले ट्रक आणि मागे डोंगर. दाजी काजूच्या बागेत मजुरीला जाऊ लागला. सावित्रीची बदली व्हायची होती, ती कधी होईल ते कोणी सांगत नव्हतं.

पुढल्या वर्षी मालिका सुरू झाली, दर शनिवारी संध्याकाळी. मालवणात चित्र धड दिसायचं नाही, नुसते दाणे. इन्सुलीत मात्र गोव्याकडून बरं यायचं. बाई सकाळची शाळा आटोपून सावंतवाडीमार्गे गेल्या. सावित्रीच्या बहिणीच्या शेजाऱ्यांकडे टीव्ही होता आणि माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती.

नाव आलं. देवबाग. बदललं नव्हतं. पाठोपाठ ‘मूळ कल्पना : सुनीती सामंत’, या वेळी चांगल्या ठसठशीत अक्षरांत. लोकांनी वळून त्यांच्याकडे बघितलं, कोणी टाळ्याही वाजवल्या. मग गावकरी आले, त्यांची बावळट मालवणी आली, कौल आला, आणि माजघर हसून हसून लोटपोट झालं. दाजी या खेपेला हसला नाही. दाराशी उभा होता, तो बाहेर निघून गेला.

लाट आली तेव्हा सगळे गप्प झाले. लाट खरोखरच छान दाखवली होती.

मग घरची मालकीण, काशीबाई, सावित्रीकडे वळली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. “तुमी थयलीच मां वो? खरांच असे होतास तुमी?”

बाईंनी तोंड उघडलं. सांगायचं होतं ते सगळं ओठांवर होतं, बाक, अर्ज, वाळू. पण सावित्रीने त्यांचा हात दाबला.

“होय गो,” ती काशीबाईला म्हणाली. “असेच होतंव.”

परतताना अंगणात बाईंनी विचारलं, “तशां कित्याक सांगलंस?”

“खंय खंय सांगू गो? तेंकां लाट बरी वाटली. रवांदे.” सावित्रीने पदर सावरला. “पुढच्या शनिवारी येतलंस? माका एकटीक थय बसाक नको वाटतां, आणि नाय गेलंय तर लोक म्हणतले, राग धरल्यान.”

“येतलंय,” बाई म्हणाल्या.

आणि त्या गेल्या. मालिका संपेपर्यंत दर शनिवारी गेल्या. दुपारची एसटी चुकली तर ट्रकवाल्यांना हात दाखवून गेल्या. मालिकेचं कौतुक झालं, गुरुदासला पुढे मोठी कामं मिळाली, मुलांनी बाईंना पत्रं लिहिली. त्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायच्या, पण देवबागविषयी काही लिहीत नसत. कादंबरी त्यांनी पुन्हा लिहिली नाही. माजघरात दाराजवळच्या सतरंजीवर त्या दोघी शेजारी शेजारी बसत. पुढच्या भागांतल्या देवबागकरांनाही लोक हसू लागले की सावित्री पडद्याकडे बघत राही, आणि बाई तिचा हात हातात धरून ठेवत. त्याहून अधिक काही त्यांना करता आलं नाही.