पन्हळीवरची जाळी

छपरावर चढायची मला कधी भीती वाटली नाही, राग मात्र येतो. मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी आमचं कौलारू घर आहे. मागे नवं स्वयंपाकघर काढलं तेव्हा जुन्या आणि नव्या छपराचं पाणी मधल्या पत्र्याच्या पन्हळीत उतरायला लागलं. त्या पन्हळीवर फणसाची फांदी, आणि फणसावर वानरं. ती कौलांवर उड्या मारतात, कौलं फुटतात. पाला पडून पन्हळ तुंबते आणि पाणी उलटं फिरून माझ्या ओट्यामागच्या भिंतीत शिरतं. आषाढात दर तिसऱ्या दिवशी शिडी लावायची आणि खुरप्यानं कुजलेला पाला उकरून काढायचा. नवरा सैन्यात, मुलगी साताऱ्याला वसतिगृहात, म्हणजे वानरांशी भांडायला घरात मी एकटीच. नवरा फोनवर सांगायचा, फांदी तोडून टाक. सुट्टीवर आला की फणसाचे गरे मात्र सगळ्यांत आधी त्यालाच लागायचे.

आई गेली त्या वर्षी मी वडिलांना, आबांना, माझ्याकडे आणलं. तासगावजवळ त्यांची द्राक्षबाग. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी ती वाट्यानं दिली होती आणि रानातल्या घरात एकटेच राहत होते. एकदा दुपारी फोन केला तर सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भूक नाही म्हणाले. एकट्यासाठी गॅस पेटवायचा त्यांना कंटाळा आला होता, हे मला आवाजावरून कळलं आणि त्या दिवशी माझ्याही घशाखाली घास उतरला नाही.

पण आमच्याकडे बापानं लेकीच्या घरी फार दिवस राहू नये असं मानतात. पूर्वी तर नातवंड होईपर्यंत तिथलं पाणीसुद्धा घेत नसत. आबांची नात कॉलेजात गेली, तरी ते चार दिवस राहून पाचव्या दिवशी पिशवी उचलायचेच. राहा म्हटलं की विषय बदलायचे. मग मी म्हटलं, "आबा, छप्पर गळतंय. मला एकटीला उरकत न्हाई." तेव्हा कुठे एसटीनं आले, आणि काखेत जाळीची गुंडाळी घेऊन आले. द्राक्षं पिकायला लागली की पाखरांनी खाऊ नयेत म्हणून बागेवर टाकतात, ती नायलॉनची जाळी.

"पन्हळीवर ही ताणू," म्हणाले. "पाला वर ऱ्हाईल, पानी खाली जाईल. ह्यात काय अवघड हाय?"

द्राक्षाच्या मंडपाच्या तारा ओढण्यात जन्म गेलेला माणूस. शिडीवर मी चढायची, खालून ते सांगायचे, आणि शेवटची गाठ मारायला मला खाली उतरवून स्वतः चढायचे, कारण माझी गाठ त्यांना पसंत पडायची नाही. शिडी धरून मी खाली उभी असायची तेव्हा त्यांचा एक हात माझ्या डोक्यावर टेकलेला असायचा. आधारासाठीच, पण मला तो लहानपणीसारखा वाटायचा आणि गाठ लवकर बसू नये असंही वाटायचं.

जाळीनं काम चोख केलं. पाला वरच अडायचा आणि आबा लांब बांबूला झाडू बांधून तो रोज खाली ओढायचे. ओट्यामागची भिंत पहिल्यांदाच कोरडी राहिली. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, सासऱ्यांना पलटणीतच घ्यायला पाहिजे. आबा ऐकत होते. दिवसभर खुशीत होते. चार दिवसांचे चाळीस झाले आणि पिशवीचं नाव निघालं नाही.

मग एका सकाळी पन्हळीच्या टोकाशी काहीतरी खसखसताना ऐकू आलं. मी शिडी लावली. एक मोठी धामण जाळीत अडकली होती. कौलांखालच्या उंदरांच्या मागानं आली असणार. जितकी ओढ घेत होती तितका धागा तिच्या अंगात रुतत होता. धामण विषारी नसते हे इथं पोराटोरांना ठाऊक आहे, तरी माझे हात थांबले.

"उतर," आबा म्हणाले. पिशवीतून त्यांनी कात्री काढली. घडातले जास्तीचे मणी काढायची, बारीक पात्याची. शिडीवर बसून त्यांनी एकेक धागा कापला, घड विरळावा तसा, शेजारच्याला धक्का न लावता. मी खालून त्यांचे पाय धरून उभी होते. बराच वेळ गेला. सुटल्यावर धामण जरा वेळ तशीच पडून राहिली, मग भिंतीवरून उतरून करवंदीच्या जाळीत गेली. तिच्या अंगावर दोन जागी लाल वळ होते.

आबांनी त्याच दिवशी सगळी जाळी कापून काढली. मी म्हटलं, जिवंत गेली ना, झालं तर. ते जाळी गुंडाळत राहिले.

"बागंत पाखरं अडकायची," ते म्हणाले. "मेलेली काडून टाकायची आन फुडं जायाचं. जल्मभर केलं, कवा काय वाटलं न्हाई. आज वाटलं." मग म्हणाले, "मला हितला पाऊस कळत न्हाई, हितलं रान कळत न्हाई. माजं हितं काय काम? सोमवारच्या गाडीनं जातो."

मी चिडले. चिडले की मी भांडी आपटते, तशी आपटली. तुम्ही राहा, मला तुम्ही इथं हवे आहात, एवढं साधं वाक्य तोंडातून निघेना. छपराचं निमित्त करून त्यांना आणलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय दोघांनाही.

रविवारी दुपारी जेवून ते आडवे झाले. पाऊस थांबला होता. मी शिडी लावून जुन्या छपरावर गेले, माळ्याच्या बरोबर वर येणारं एक चांगलं कौल उचललं आणि शेजारच्या कौलांवर ठेवून खाली आले. घरधनीण स्वतःच्या हातानं घर गळवते, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

चहाच्या वेळेला सर आली. माळ्यावरून मधल्या खोलीत पाणी ठिबकायला लागलं. आबा लगेच उठले. "वानरानं फोडलं वाटतं," मी म्हटलं. ते आतल्या शिडीनं हळूहळू माळ्यावर चढले, मी मागोमाग. फटीतून हात बाहेर घालून त्यांनी कौल चाचपलं, सरकवून जागी बसवलं आणि ओला हात धोतराला पुसत बसून राहिले.

"वानर कौल उचलून बाजूला नीट ठेवत न्हाई गं," ते म्हणाले.

मी पदरानं शिडीची ओली पायरी पुसायला लागले.

"कौलं ओली हायती. पाय घसरला असता म्हंजे?"

"मग तुमी जाऊ नका," मी म्हटलं आणि मला रडू आलं. "छपराचं काय, मी आजवर बघितलंच की. काम असू दे न्हाईतर नसू दे. तुमी तिकडं एकटं जेवता, ते मला हितं गोड लागत न्हाई."

पाऊस कौलांवर वाजत होता आणि आत एक थेंब येत नव्हता. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि तासगावच्या वाटेकऱ्याला लावला.

"भायेर सोप्यात माजी खाट हाय बग," ते त्याला सांगत होते. "ती आत घे रं, भिजंल. न्हाई, काम काय न्हाई हितं. लेकीकडं ऱ्हातोय."