एकवीस बाटल्यांची लेबलं

माझ्या जावयाच्या एकवीस बाटल्यांवरची लेबलं मी कोमट पाण्यात भिजवून, नखाने खरवडून, एकूण एक काढून टाकली. काम अतिशय सुबक झालं होतं.

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. आता सत्तरीतून त्या तरुण बाईकडे बघते तेव्हा वाटतं, हिला कोणीतरी एका जागी बसवून वाती वळायला कापूस द्यायला हवा होता! पण ती टोकियोच्या शेजारी, ग्योतोकुला, लेकीकडे चार महिन्यांसाठी आली होती. घर दोन खोल्यांचं, आणि कामाचं वळण (तिच्या मते) तिथे कोणालाच नव्हतं.

जावई श्रीरंगराव बँकेत. माणूस शांत, सभ्य, आणि दिवसाला पंधरा सिगारेटी. नात इरा सहाला टेकलेली, आणि तिला दमा. पाळणाघरातून आली की ती बापाकडे धावायची, दोन पावलांवर थबकायची आणि नाक धरून म्हणायची, "पापा, कुसाइ!" म्हणजे जपानीत, बाबा, घाण वास येतो. मग ती वळून आत जायची, आणि श्रीरंगराव हात पसरून तसेच वाकलेले राहायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. इथे मी विनोद करणार नाही.

म्हणून त्यांनी सिगारेट टाकली आणि ती वाफेची नळी, म्हणजे ई-सिगारेट, घेतली. निकोटिन घातलेलं तिचं पाणी तिथल्या दुकानांत मिळत नाही. स्वतःपुरतं, परवानगी असेल तेवढंच, ते परदेशातून मागवायचे आणि रविवारी घरी मिसळायचे. इवलासा वजनकाटा, सुई नसलेली सिरिंज, ग्लिसरीन, स्वादाचे मोजून थेंब. मी डोकावून पाहिलं, तर चक्क एकतारी पाक!

"आता तीन आठवडे अंधारात मुरू द्यायचं," ते म्हणाले.

मुरू द्यायचं! माझे कान टवकारले. मुरवणं हा माझा प्रांत.

"उन्हात ठेवू का दोन दिवस?"

"नको आई, उजेडाने बिघडतं."

"तोंडाला दादरा बांधू?"

"नको आई, झाकण आहे."

"चिमूटभर मीठ?"

"आई..."

तर अशा एकवीस बाटल्या, इराचा हात पोचणार नाही अशा वरच्या फडताळात मुरत होत्या. स्वाद तीन: वेलची, आंबा, पेपरमिंट. प्रत्येकाच्या सात बाटल्या. लेबलावर स्वाद, तारीख आणि एक आकडा. तो आकडा म्हणजे निकोटिन. सहापासून सुरुवात, दर दोन आठवड्यांनी एक पायरी खाली, आणि एप्रिलमध्ये इरा शाळेत जाईल त्या दिवशी शून्य. एवढा मोठा जिना त्या माणसाने स्वतःच्या हाताने बांधला होता, आणि तो नुकताच पहिल्या पायरीवर उभा होता.

हे सगळं मला त्यांनी समजावून सांगितलं होतं. दोनदा! (मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.)

जानेवारीतला एक मंगळवार. घरात मी एकटी. फडताळ पुसायला घेतलं तर बाटल्या चिकट, लेबलांच्या कडांना धूळ बसलेली. आता आमच्या घरची रीत अशी, की लेबल निघाल्याशिवाय बाटली आपली होत नाही. कॉफीच्या बाटलीत मेथ्या, जॅमच्या बाटलीत पापडखार. आधी लेबल भिजवायचं, मग पुढचं बोलायचं. हाताने आपसूक टब भरला. तासाभरात एकवीस जुळी भावंडं फडताळात ओळीने उभी! मी लांबून बघून घेतलं आणि स्वतःसाठी कपभर चहा टाकला.

संध्याकाळी श्रीरंगरावांनी फडताळ उघडलं. एक बाटली फिरवून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी.

"आई... लेबलं?"

"काढली! डिंकाचा ठिपका राहिला असेल तर दाखवा."

ते खाली बसले. खुर्चीवर नव्हे, जमिनीवर. सासू असल्यामुळे मला बोलता येत नव्हतं आणि जावई असल्यामुळे त्यांना ओरडता येत नव्हतं. ओरडायला लेकच हवी होती. ती दारातून आत आली.

"आई! काय केलंस हे?" मुग्धा.

"धुतलं."

"कोणी सांगितलं होतं?"

"धुवायला सांगावं लागतं का?" मी म्हटलं. मग जरा खाली येऊन, "थांबा, वासावरून लावून देते."

"तुझं नाक काय लॅबोरेटरी आहे?"

होतंच! दहा मिनिटांत मी तीन ढीग लावले. सात वेलची, सात आंबा, सात पेपरमिंट. एकही चूक नाही. मी विजयाने वर पाहिलं.

"अगदी बरोबर, आई," श्रीरंगराव हळूच म्हणाले. "आता यातली सहाची कुठली आणि शून्याची कुठली?"

मी पुन्हा वास घेतला. उजवी नाकपुडी झाली, डावी झाली. मग बाटली खाली ठेवली.

अंदाजाने ओढायचं नाही, म्हणून सगळं टाकायचं ठरलं. तेही मोरीत ओतून चालत नाही. पाक जुन्या वर्तमानपत्रांत टिपून जळणाऱ्या कचऱ्यात, बाटल्या धुऊन प्लॅस्टिकच्या कचऱ्यात. त्याच एकवीस बाटल्या मी दुसऱ्यांदा धुतल्या, या वेळी मान खाली घालून. जळणाऱ्या कचऱ्याचा वार दोन दिवसांवर. तोवर बाल्कनीत लग्नघरासारखा वास, आणि कठड्यावर निमंत्रण आल्यासारखे कावळे!

नळीत उरलं होतं ते त्याच रात्री संपलं. नवीन यायला तीन आठवडे, मग मुरायला तीन. श्रीरंगराव पहिल्या दिवशी रिकामं फडताळ उघडत-मिटत राहिले. दुसऱ्या दिवशी चमचा सांडला म्हणून इरावर ओरडले आणि लगेच तिची माफी मागितली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कोट चढवला.

"जरा दूध घेऊन येतो."

फ्रिजमध्ये दोन डबे दूध होतं. मी पायात मिळेल ते सरकवलं आणि मागोमाग निघाले.

कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे अष्टौप्रहर उघड्या दुकानात, सिगारेटी गल्ल्यामागे असतात, प्रत्येकीला नंबर. मी छत्र्यांच्या आड उभी राहिले. श्रीरंगरावांनी नंबर सांगितला. अडखळले नाहीत, तो अजून पाठ होता. पाकीट समोर आलं. तिथे आपण सज्ञान आहोत म्हणून पडद्यावर बोट टेकवावं लागतं. त्यांनी बोट उचललं, आणि मी पुढे होऊन पडद्यावर अख्खा तळहात ठेवला. यंत्र किंचाळलं!

"आई?"

"नाही."

"हात काढा, आई. लोक बघतायत."

"बघू देत. लेबलं मी काढली. त्याची शिक्षा इराला नको."

मागे चार माणसं रांगेत उभी होती. कोणी खाकरलंसुद्धा नाही. श्रीरंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्या थंडीत मी संडासातल्या सपाता घालून रस्त्याने आले होते!

त्यांनी पाकीट मागे सरकवलं, कमरेत वाकून "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, म्हणाले, आणि दूध विकत घेतलं. तिसरा डबा.

नवीन बाटल्या त्यांनी मागवल्याच नाहीत. जिना उतरायचा तो माणूस वरून खाली उडी मारून मोकळा झाला. पुढचे पंधरा दिवस वाईट गेले, घरातल्या सगळ्यांनाच. पण एके दिवशी इरा धावत आली आणि दोन पावलांवर थांबली नाही.

एप्रिलमध्ये मी परत निघाले तोवर पुण्यातल्या तिन्ही बहिणींना फोन झाले होते, की जावयाची सिगारेट मी सोडवली. विमानतळावर श्रीरंगराव नमस्काराला वाकले, तेव्हा मी आशीर्वाद देता देता म्हटलं, "बघा, शेवटी माझाच हात लागला म्हणून सुटली!"

ते सरळ उभे राहिले आणि अत्यंत आदराने म्हणाले, "आई, सोडली मी इरासाठीच. पण पुन्हा धरली नाही ती तुमच्यामुळे. अजूनही दुकानात शिरलो की आधी मागे वळून सपाता बघतो."